मांड्यांचा उपास

पहिलीच्या वर्गात मी खुर्चीवर कधी बसले नाही. मुलांचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचं तर त्यांच्यातच मांडी ठोकून बसावं लागतं. दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं भुर्रकन पळाली आणि मी उठायला गेले, तर उठताच येईना. हात टेकला, गुडघा मुडपला, अंग पुढं झोकलं, पण मांडीत जोरच नाही. बदकन खाली बसले. दोन पोरी दारात थांबून बघत होत्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत. त्या खिदळल्या, मग मीही हसले आणि म्हटलं, जा गं, भाकरी खाऊन घ्या. त्या गेल्यावर बसल्या बसल्या सरकत भिंतीपर्यंत गेले, खिडकीचा गज धरला आणि कशीबशी उभी राहिले. पंचेचाळिशी उलटली होती हे खरं, पण एवढ्यात म्हातारी व्हायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मी सोनईच्या शाळेत मास्तरीण. घरात आम्ही तिघं. मी, शेती बघणारे आमचे मालक आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. दोन्ही मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. आत्याबाईंचं नि माझं सूत पहिल्या दिवसापासून जमलं असं मी म्हणणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही एकमेकींना चांगलंच पाणी पाजलं. पुढं कधीतरी दोघींनाही कंटाळा आला आणि आम्ही एकमेकींवर माया करायला लागलो.

हे सगळं आता लिहून काढायचं कारण एवढंच, की आमच्याकडं अंगात साखर असलेली माणसं ती चोरासारखी लपवतात. आणि साखरेनं पाय कापतात एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, पण साखरेनं मांडीचं मांस झडतं हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

साखर आहे हे मात्र मला माहीत होतं

वर्षभर आधी तहान फार लागते म्हणून गावातल्या डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी लघवी तपासली, थोडी साखर आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि खाणं आवरा, गोड सोडा असं सांगितलं. मी चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढायला आले की पानावर हात आडवा धरायची. भातही कमी केला. आणि खाणं आवरायचं म्हणून उपास वाढवले.

सोमवार माझा आधीपासून होता. त्यात गुरुवार धरला, मग शनिवार धरला. एकादशी, चतुर्थी होतीच. आत्याबाईंना फार बरं वाटलं. सुनेला उशिरा का होईना, पण देवाची बुद्धी झाली असं त्या शेजारणींना सांगायच्या. पोटाला विश्रांती मिळेल, साखर आपोआप पळेल, असा आमचा दोघींचा हिशेब. उपासाच्या दिवशी मी शाळेतून दमून येणार म्हणून त्या साबुदाण्याची खिचडी करून ठेवायच्या, शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घातलेली. बरोबर कधी उकडलेली रताळी, कधी भगर आणि आमटी, आणि शेवटी शेंगदाण्याचा गुळातला एक लाडू. तो लाडू मी नको म्हटला, तर त्या म्हणायच्या, उपासाचं गोड बाधत नसतं. मलाही ते पटायचं. उपासाचं ते उपासाचं, आणि गोड म्हणजे जिलबी, बुंदी, बासुंदी.

दसऱ्यापासून उजव्या मांडीत आग व्हायला लागली. मुंग्या म्हणावं तर मुंग्या नाहीत, ठणका म्हणावं तर ठणका नाही. कातड्याच्या आत कुणी निखारा ठेवल्यासारखं वाटायचं, लुगडं लागलेलं सोसायचं नाही, आणि अंथरुणावर पडलं की जास्तच. आत्याबाई तेल चोळायच्या. वात आहे म्हणायच्या. चोळता चोळता एक दिवस त्यांचा हात थांबला. त्यांनी दुसरी मांडी चाचपून बघितली, पुन्हा ही चाचपली आणि म्हणाल्या, "आगं, ही बारीक झाल्या. तुजं मांस कुठं गेलं?"

मी उडवून लावलं. बाईमाणूस वाळलं तर बरंच दिसतं म्हटलं. पण वर्गात बसल्या जागी अडकले, आणि मग दोनच दिवसांत घराच्या पायरीवर गुडघा असा मुडपला की हातातल्या हंड्यासकट मी अंगणात. हंडा चेपला, मी वाचले. मालकांनी मला उचलून ओट्यावर बसवलं आणि हंड्याकडं बघतच म्हणाले, "चल, उद्या नगरला जाऊ."

एसटीची पायरी

एसटीची पायरी किती उंच असते हे धडधाकट माणसाला कळत नाही. मी दांडा धरला, एक पाय वर ठेवला, पण दुसरा जमिनीवरून सुटेना. मागं माणसं खोळंबली. कंडक्टर काही बोलणार तेवढ्यात मालकांनी मागून दोन्ही हात लावले आणि पोतं चढवावं तसं मला आत चढवलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, चारचौघांत त्यांनी मला हात लावल्याचं मला तरी आठवत नव्हतं. आम्ही दोघंही नगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. माझे कान गरम झाले होते आणि त्यांचेही लाल दिसत होते.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या बाजूच्याच, नेवासा तालुक्यातल्या. ख्रिस्ती घरातल्या, चाळिशीच्या, बोलायला मऊ पण मताला पक्क्या. त्यांनी शिंप्याची असते तशी टेप घेऊन माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. मग म्हणाल्या, उकिडवं बसून दाखवा. बसले. आता उठा. ते काही जमलं नाही. दोन सिस्टरांनी काखेत हात घालून उठवलं. मला रडू आलं ते दुखलं म्हणून नाही, मालक बघत होते म्हणून.

लघवी तपासायची रीत तिथं पहिल्यांदा नीट बघितली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर झकास. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं म्हणजे जास्त, आणि विटेच्या रंगाचं झालं म्हणजे पुरती बोंब. माझी नळी उकळली आणि आत वीट तयार झाली.

मी एकच विचारलं, पाय कापावा लागेल का. आमच्या गावात साखरेच्या रोग्यांचं एवढंच ऐकिवात होतं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, पण लगेच हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मांडीच्या शिरा दुखावल्यात आणि मांस झडलंय. साखर ताब्यात आली आणि तुम्ही पाय हलवत राहिलात, तर पुष्कळांचं भरून येतं. वेळ फार लागतो. कुणाचं थोडं राहूनही जातं. तुमचं काय होईल ते आज मी सांगू शकत नाही."

त्यांचं हे न फसवणं मला तेव्हा फार कडू लागलं. आता वाटतं, त्या गोड बोलल्या असत्या तर मी पुढं त्यांचं काहीच ऐकलं नसतं.

शेजारची खाट

दवाखान्यात ठेवून घेतलं आणि इन्सुलिनची सुई सुरू झाली. सकाळी भांड्यात सुया नि काचेच्या पिचकाऱ्या उकळल्याचा खळखळ आवाज आला की बायकांच्या वॉर्डात एकदम शांतता पसरायची. मग नळ्यांचा कार्यक्रम. कुणाची हिरवी, कुणाची पिवळी हे सगळ्यांना कळायचं, आणि ज्या बाईची निळी असेल तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आल्यासारखा भाव असायचा.

माझ्या शेजारच्या खाटेवर पुणतांब्याच्या हौसाबाई होत्या. त्यांच्या तळपायाला जखम होती, ती भरत नव्हती. जीभ मात्र ठणठणीत. त्या मला म्हणायच्या, मास्तरीणबाई, तुमची मांडी न् माजा तळवा मिळून एक चांगली बाई झाली असती बघा. मी पहिल्यांदा चिडले. मग सवय झाली. मला रात्री आग सोसवेना की त्या आपल्या खाटेवरून काहीबाही बोलत राहायच्या, घरच्या म्हशीचं, सुनेचं, नदीच्या पुराचं. दुखणं त्यामुळं कमी होत नव्हतं, पण सोबत होती.

साखर उतरायला लागली. नळी विटेवरून पिवळ्यावर आली, पिवळ्यावरून हिरव्यावर. डॉक्टरीणबाई खूश होत्या. आणि अचानक एका सकाळी पुन्हा वीट. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, सिस्टरला विचारलं, मला विचारलं, काय खाल्लं. मी छातीला हात लावून सांगितलं, काहीच नाही, काल माझी चतुर्थी होती, दिवसभर उपास. त्या म्हणाल्या, उपासानं विटेसारखी कशी होईल? मी म्हटलं, मलाही तेच कळत नाही, दवाखान्यातलं जेवण मी कालपासून शिवलेसुद्धा नाही. सुई वाढवायची का याचा त्या विचार करत होत्या.

हौसाबाई पलीकडून म्हणाल्या, खाटंखालचा डबा दाखवा की त्यास्नी.

डबा आत्याबाईंनी आणला होता. चतुर्थीला सून परक्या गावात उपाशी राहील म्हणून त्या पहाटे उठून खिचडी करून, पहिल्या गाडीनं एकट्या नगरला आल्या होत्या आणि रात्री वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात पदर अंथरून झोपल्या होत्या. आताही त्या दारातच होत्या. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला. तळाशी थोडी खिचडी उरली होती, वरच्या पुडात रताळ्याचे गुळातले काप आणि लाडवाचा चुरा.

त्या रागावतील असं मला वाटलं. त्या माझ्या खाटेवर बसल्या आणि हसू दाबत म्हणाल्या, असं आठवड्यात किती वेळा? मी सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

मग त्यांनी समजावलं. साबुदाणा म्हणजे कंदाचं पीठ, पोटात गेलं की त्याची साखरच होते. रताळं तेच, केळं तेच, आणि गूळ तर उघडच साखर. ज्वारीची अर्धी भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली असती तरी याच्यापेक्षा बरं होतं. आणि ही सगळी साखर जाते कुठं? धडधाकट माणसाची साखर रक्तातून मांसात शिरते, मांस ती वापरतं, म्हणून आपण चालतो, उठतो, दळतो. माझ्या अंगात ती मांसाच्या दारापर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. रक्त साखरेनं भरलेलं, आणि मांडी उपाशी. उपाशी मांस मग स्वतःलाच खातं.

"म्हणजे बाई, उपास तुमचा झालाच नाही," त्या म्हणाल्या. "उपास झाला तो तुमच्या मांड्यांचा."

मी शिकलेली बाई. मुलांना आहार शिकवते. वरच्या वर्गाच्या पुस्तकात कंदमुळांचा धडा होता, तो मी दर वर्षी शिकवत होते. पण उपासाला चालतं ते खाणं नव्हे, ही गोष्ट माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की साबुदाणा नि कंदमुळं यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

दारात आत्याबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई गेल्यावर त्या आत आल्या, डबा उचलला आणि बाहेर जाऊन गेटापाशी हिंडणाऱ्या एका गाईला घातला. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. "म्या माज्या हातानं तुला घातलं गं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पायाशी बसल्या. मी म्हटलं, तुम्ही घातलं आणि मी मिटक्या मारत खाल्लं, माझ्यावर काय जबरदस्ती नव्हती. पण त्या बारीक झालेल्या मांडीवरून हात फिरवत राहिल्या.

मग उठल्या. आमच्याकडं रीत आहे, घरातल्या बाईला बाळंतपणात नाहीतर आजारपणात उपास झेपेना, तर दुसरीनं तो आपल्याकडं घ्यायचा. देवाला चुकवायचं नाही, फक्त हात बदलायचा. आत्याबाईंनी वॉर्डाच्या खिडकीतून दिसणाऱ्या सूर्याला हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या, "हिचे समदे उपास आजपासनं माज्याकडं. ही हात न टेकता जिमिनीवरनं उठंल तवर. आन उपासाला म्या साबुदाणा तोंडात घालायची न्हाई."

वॉर्डातल्या बायकांनी हात जोडले. हौसाबाईंनीही जोडले. मला वाटलं, चार दिवसांची हौस आहे.

घरी

सुई घरी द्यायची म्हणून सिस्टरनी मालकांना शिकवलं. खिल्लारी खोंडाला वेसण घालणारा माणूस, पण सुई हातात आली की हात लटलटायचे. सराव त्यांनी भरताच्या वांग्यावर केला. दोन दिवस आमच्या घरातल्या एका वांग्याला सकाळ-संध्याकाळ सुया मिळत होत्या. ते वांगं शिजवायला आत्याबाईंनी ठाम नकार दिला. इन्सुलिनची बाटली थंड राहावी म्हणून माठाशेजारी ओल्या वाळूत एक मडकं पुरलं आणि त्यात ती ठेवली. नळी उकळण्याचं काम चुलीजवळ चालणार नाही म्हणून त्याला गोठ्यात जागा मिळाली. आत्याबाईंना पहिल्यांदा किळस वाटायची, पण रंग बघायला मात्र त्याच सगळ्यांच्या आधी यायच्या. हिरवा झाला की बैलाच्या पाठीवर थाप मारायच्या.

साखर आवरणं त्या मानानं सोपं होतं. कठीण होतं ते उठणं. आमचं सगळं घर जमिनीवर चालतं. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, ताट जमिनीवर, भांडी नि धुणं जमिनीवर. खुर्ची एकच, तीसुद्धा पाहुण्यांसाठी. आणि परसाकडं जायचं तर शेतात, उकिडवं बसायचं. ते मला एकटीला शक्यच नव्हतं. रोज उजाडायच्या आत आत्याबाई मला धरून बांधापलीकडं न्यायच्या, मी बसले की पाठ फिरवून उभ्या राहायच्या, आणि मी हाक मारली की येऊन काखेत हात घालून वर ओढायच्या. सासूनं सुनेला असं उठवायचं. पहिल्या दिवशी मी शरमेनं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या परत येताना पिकाबद्दल बोलत होत्या, काही घडलंच नाही अशा.

हे आपल्याला जन्मभर पुरणार का, ही भीती माझ्या मनातून जात नव्हती. त्या सत्तरीकडं झुकलेल्या. त्यांच्यामागं मला कोण उठवणार? मुली सासरी. मालक पुरुषमाणूस, किती दिवस करतील? जमिनीवरून स्वतःच्या पायानं उठता येणं एवढंच मला हवं होतं. त्याच्यापुढं नोकरी, मान, पगार, सगळं फिकं वाटायचं. त्या दिवसांत मी घरात फार वाईट वागले. मालकांनी सुई हळू दिली तरी ओरडायची. एकदा तर मला माहेरी नेऊन टाका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते सुताराकडून एक बुटकं स्टूल करून घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवलं.

ते स्टूल डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून होतं. आधी खाटेवरून उठायचं, हात न लावता. ते जमलं की खुर्चीवरून. मग स्टुलावरून, मग पाटावरून, आणि शेवटी जमिनीवरून. आणि रोज चालायचं, दमेपर्यंत नाही, पण चुकवायचं नाही. चालणारं मांस रक्तातली साखर ओढून घेतं असं त्या म्हणत. खायला डाळी, उसळी, अंडं. पोटभर खा, बाई, मांडीला काहीतरी मिळू दे, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

ज्यांना आज पायात जोर वाटत नाही आणि म्हणून जे अंथरूण धरून बसलेत, त्यांना मी हेच सांगेन. लोक म्हणतील पडून राहा, लोकांची माया असते ती. पण पडून राहिलेली मांडी भरत नाही. आधी तपासून घ्या आणि मग डॉक्टर सांगतील तेवढं, रोज थोडं, पण हला.

मी नि मालक संध्याकाळी उसाच्या बांधानं चालायचो. नवरा-बायको बरोबरीनं फिरायला निघालेत हे गावाला नवीन होतं. कारखान्याच्या गाड्यांवरची माणसंसुद्धा वळून बघायची. मालक पहिल्यांदा माझ्या चार हात पुढं चालायचे, मग माझा गुडघा एकदा मुडपला तेव्हापासून शेजारून चालायला लागले, ते आजतागायत.

खाट सुटली, खुर्ची सुटली. होळीपर्यंत मी शाळेत जाऊ लागले, खुर्चीवर बसून शिकवायला. मांडीतली आग कमी होत होत एक दिवस नाहीशीच झाली, आणि ती गेली हे मला दोन दिवसांनी कळलं. स्टूल सुटलं. पाटावर मात्र गाडी अडली. भिंतीला हात लावून उठायची, पण हात सोडायचं धाडस होईना. डॉक्टरीणबाईंनी टेप लावून मांड्या मोजल्या. भरत आल्यात, म्हणाल्या. जोर आलाय बाई, तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही. मी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा भिंत धरली.

आत्याबाईंचे उपास

माझे आठवड्याचे तीन, त्यांचा स्वतःचा मंगळवार, शिवाय माझीच एकादशी आणि चतुर्थी. चार दिवसांची हौस पावसाळ्यापर्यंत चालली. उपासाला त्या फक्त बिनदुधाचा चहा घ्यायच्या. साबुदाण्याचा त्यांनी असा राग धरला होता की दुकानात त्याचं पोतं दिसलं तरी तोंड फिरवायच्या. मालक सांगून थकले, मुली येऊन रडून गेल्या. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला, म्हणावं तुम्ही जेवलात तर तुमच्या सुनेला बरं वाटेल. त्यावर आत्याबाईंचं उत्तर, "ती डाक्टरीण तुजी हाय, माजी न्हवं. म्या देवाला शबूद दिलाय."

त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. सकाळी बांधावर मला ओढताना त्यांचा श्वास लागायचा. मी माझं वजन होईल तेवढं कमी टाकायचा प्रयत्न करायची.

श्रावण लागला. सोमवार झाला, मंगळवारी त्यांचा आपला उपास, आणि बुधवारी आली एकादशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या चुलीपुढं बसून माझी भाकरी थापत होत्या. मी ताट घेऊन समोर जमिनीवरच बसले होते. पाट ओला होता म्हणून वाळत लावला होता, आणि जेवण झालं की मालक येऊन उठवणारच होते. आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, आणि कपाळ मनगटावर टेकून तशाच बसून राहिल्या. भाकरी करपायला लागली तरी हलेनात.

मी म्हटलं, आत्याबाई, दोन घास खा. त्या म्हणाल्या, उद्या. मी म्हटलं, उद्या गुरुवार, माझा. त्या म्हणाल्या, मग परवा. मी म्हटलं, तुमचं काही बरंवाईट झालं तर मला उठवणार कोण?

"म्हनून तर धरलेत," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "माज्या माघारी तुला कुनी उठवाय लागू नये."

माझं डोकं फिरलं. दिवाळीपासूनची सगळी भीती, सगळी शरम त्या एका वाक्यानं वर आली. मी म्हटलं, मला तुमचे उपास नकोत, तुम्ही पाहिजे आहात. अंगात माझ्या साखर, आणि उपाशी मरताय तुम्ही, हे कुठलं शास्त्र? पाय गेले तर गेले, सरकत सरकत जन्म काढीन, पण तुम्हाला असं वाळताना मी बघणार नाही. आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता मी भाकरी-उसळीचं ताट दोन्ही हातांत उचललं, चुलीला वळसा घालून त्यांच्याकडं गेले, ताट त्यांच्यापुढं धरलं आणि म्हटलं, "खा."

त्यांनी डोळे उघडले. पण ताटाकडं बघितलं नाही. त्या माझ्या पायांकडं बघत होत्या.

"हात कुठं टेकलास?"

मला कळेना काय विचारताहेत. "कसला हात?"

"ताट कुठल्या हातात हुतं?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि मग मला कळलं. मागं वळून बघितलं. मी बसले होते ती जागा रिकामी होती. जवळपास भिंत नव्हती, खांब नव्हता, कुणी माणूस नव्हतं. मी माझ्या दोन पायांवर उभी होते.

तव्यावरची भाकरी काळी झाली होती. आत्याबाईंनी ती काढून बाजूला टाकली, हात धुतले आणि माझ्या हातातलं ताट घेऊन आपल्यापुढं ठेवलं. भाकरीचा तुकडा मोडला, उसळीला लावला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा मोडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

"बस खाली," घास गिळून त्या म्हणाल्या. "आन पुन्यांदा ऊठ. मगाशी म्या नीट बघितलं न्हाई."

मी खाली बसले आणि दोन्ही हात छातीशी धरून पुन्हा उठले. आत्याबाई जेवत होत्या.